आकाश कोरडे, कातळ ओला

भाद्रपदाचा उत्तरार्ध आणि आश्विन, म्हणजे साधारणपणे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ, सह्याद्रीत चढाई करणाऱ्यांना वर्षभरात सर्वाधिक मोह घालतो. पठारांवर सोनकी फुललेली असते, कड्यांवरून उतरणाऱ्या धारा अजून आटलेल्या नसतात, दरीतले धुके सकाळी वर येऊन नऊ-दहापर्यंत विरते आणि चार महिन्यांत प्रथमच दूरच्या रांगा एकामागे एक स्पष्ट दिसू लागतात. पावसाळा संपला, अशी खात्री पटवणारे हे दृश्य असते. प्रत्यक्षात तो संपलेला नसतो, त्याची रीत बदललेली असते. आणि ही बदललेली रीत, उघड्या धारेवर किंवा कातळटप्प्यावर असलेल्या माणसासाठी, जुलैच्या संततधारेपेक्षाही घातक ठरू शकते. जुलैत डोंगर आणि आकाश दोन्ही ओले असतात, त्यामुळे सावधगिरी आपोआप बाळगली जाते. शरदाच्या आरंभी मात्र आकाश कोरडे दिसते तेव्हा कातळ ओला असतो, आणि ज्या लख्ख उन्हाच्या भरवशावर चढाई सुरू होते तेच ऊन दुपारच्या वादळाची तयारी करीत असते.

नैऋत्य मोसमी वाऱ्यांची माघार ही एका दिवसात घडणारी घटना नव्हे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या सर्वसाधारण तारखांनुसार ही माघार पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते, मुंबईतून मोसमी वारे ८ ऑक्टोबरच्या आसपास परततात आणि १५ ऑक्टोबरपर्यंत ते देशभरातून निघून गेलेले असतात. वायव्य भारतात ही माघार जाहीर करण्यापूर्वी सलग पाच दिवस पाऊस थांबलेला असणे, वातावरणाच्या खालच्या थरात प्रत्यावर्त, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारी उच्च दाबाची वाऱ्यांची रचना, स्थिर होणे आणि हवेतील बाष्प लक्षणीय घटणे या गोष्टी तपासल्या जातात. मात्र सर्वसाधारण तारीख ही अनेक वर्षांची सरासरी असते, आणि एखादे वर्ष तिच्यापासून किती दूर जाऊ शकते हे २०१९ ने दाखवून दिले. त्या वर्षी माघारीची सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली, आणि उपलब्ध नोंदींमध्ये तोपर्यंत इतका उशीर कधीच झालेला नव्हता. शेतकऱ्यांची नक्षत्रांची मोजणी या बाबतीत अधिक सावध म्हणावी लागेल, कारण ती पाऊस संपल्याची तारीख सांगत नाही, तर त्याचा बदलता स्वभाव सांगते. सूर्य १३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा नक्षत्रात, २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रेत जातो, आणि हस्ताचा पाऊस गडगडाट करीत, तुटकपणे, पण जोराने पडतो हे घाटमाथ्यावरच्या प्रत्येक गावाला ठाऊक असते. पाटावर हत्तीचे चित्र मांडून भोंडल्याचा किंवा हादग्याचा फेर धरला जातो तो याच दिवसांत.

हा स्वभाव का बदलतो हे समजण्यासाठी ढगांची उंची लक्षात घ्यावी लागते. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. त्यांचे ढग दाट असले तरी त्यांतील बरेचसे फार उंच नसतात, आणि म्हणून तो पाऊस दिवसेंदिवस पडत राहतो, पण विजा क्वचितच दिसतात. सप्टेंबरअखेर हे पश्चिमी वारे मंदावतात. आकाश उघडते, ओल्या जमिनीवर थेट ऊन पडते, जमिनीतील ओल वाफेच्या रूपाने हवेत मिसळते आणि तापलेली, हलकी, दमट हवा दुपारपर्यंत वर उसळू लागते. या उभ्या हालचालीला संवहन म्हणतात. वरच्या थरातील हवा पुरेशी थंड असेल तर ही उसळी थांबत नाही, आणि ढग बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन पोहोचतो. आपल्या अक्षांशांवर सुमारे पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जाते, त्यामुळे अशा ढगाच्या मोठ्या भागात बर्फाचे स्फटिक, मऊ गारा आणि गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवरूप राहिलेले थेंब एकत्र असतात. त्यांच्या टकरींतून विद्युतभार वेगळे होतात आणि वीज पडते. सारांश, सकाळचे निरभ्र आकाश ही दुपारच्या सुरक्षिततेची हमी नसते, उलट ते वादळाच्या कृतीतील पहिले पाऊल असते. सकाळी ढगाळ राहिलेला दिवस पुष्कळदा या दृष्टीने अधिक निर्धोक निघतो.

घाटमाथ्याला या प्रक्रियेत विशेष स्थान आहे. दुपारी समुद्राकडून येणारा दमट वारा कोकणातून कड्यांच्या पायथ्याशी पोहोचतो, तापलेल्या उतारांवरून वर सरकतो, आणि याच सुमारास वरच्या थरांतील वारे पूर्वेकडून वाहू लागलेले असतात. या दोन प्रवाहांची गाठ साधारणपणे डोंगररांगांच्या आसपास पडते आणि तेथेच ढगांचे मनोरे उभे राहतात. पुढे ते वरच्या वाऱ्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. ज्याने चार महिने पाऊस पश्चिमेकडून येताना पाहिला आहे त्याची नजर सवयीने कोकणाकडे लागलेली असते आणि वादळ मात्र त्याच्या पाठीमागून, देशाकडून, येते. पावसाच्या वाटपातही असाच उलटफेर होतो. ऐन मोसमात घाटमाथा आणि त्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश यांत प्रचंड तफावत असते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि थोड्याच अंतरावरचे वाई त्या मानाने कोरडे राहते. गडगडाटी पाऊस हा भेद पाळत नाही, आणि त्यामुळे बागलाणातील साल्हेर किंवा पुण्याच्या दक्षिणेकडील पुरंदर यांसारखे, एरवी कमी पावसाचे समजले जाणारे, पूर्वेकडील किल्ले या काळात तितक्याच जोराने झोडपले जातात.

त्यातच बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांची भर पडते. ऑक्टोबर २०२० च्या मध्यावर आंध्रच्या किनाऱ्यावरून आत आलेले एक क्षेत्र तेलंगणा ओलांडून सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांपर्यंत मुसळधार पाऊस घेऊन आले, आणि सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेष मराठवाडा ओलांडून अरबी समुद्रात गेले व तेथे त्यांतून ‘शाहीन’ हे नवे चक्रीवादळ निर्माण झाले. या प्रकारच्या पावसाचा अंदाज मात्र दोन-तीन दिवस आधी मिळतो, म्हणून तो तुलनेने सोपा मानावा. खरी अडचण स्थानिक वादळाची असते. त्याचा एक घटक काही किलोमीटर रुंदीचा आणि तासाभराच्या आयुष्याचा असतो. आज जिल्ह्यात दुपारनंतर विजांसह पाऊस होईल, इतके हवामानशास्त्र विश्वासाने सांगू शकते, परंतु तो कोणत्या धारेवर पडेल हे सकाळी कोणालाही सांगता येत नाही. जिल्हानिहाय पिवळा किंवा नारिंगी इशारा वाचून ‘आपल्या डोंगरावर काही होणार नाही’ असा निष्कर्ष काढणे, किंवा एकदा अंदाज चुकला म्हणून पुढच्या वेळी तो न पाहणे, या दोन्ही चुका अंदाजाची ही मर्यादा न समजल्याने होतात. हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा, रडारवरील प्रतिमा आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले, आसपास पडणाऱ्या विजा दाखवणारे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप ही साधने त्यामुळे निघण्यापूर्वीपेक्षा चढाईच्या मध्यावर अधिक उपयोगी ठरतात. पण डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज नसते, आणि तेथे आकाशाकडे पाहण्याला पर्याय उरत नाही. दहा-अकराच्या सुमारास दिसणारे पसरट, कापसाळ ढग बारापर्यंत रुंदीपेक्षा उंचीने वाढू लागले, त्यांच्या कडा फुलकोबीसारख्या ठसठशीत राहिल्या आणि तळ काळवंडले, तर परतण्याची वेळ झालेली असते. माथा ऐरणीसारखा सपाट पसरू लागला किंवा उकाड्यात एकाएकी गार वाऱ्याचा झोत आला, तर ती वेळ टळून गेलेली असते, कारण तो झोत म्हणजे जवळच्या ढगातून पावसाबरोबर खाली कोसळून जमिनीवर पसरलेली थंड हवा असते.

आकाशाचे हे वेळापत्रक समजले तरी अर्धेच काम होते, कारण डोंगराचे स्वतःचे वेळापत्रक निराळे असते. सह्याद्रीचा हा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांनी, एकावर एक जवळजवळ आडवे थर साचून, घडलेला आहे. घट्ट बेसाल्टचा थर झिजेला दाद देत नाही आणि त्याचा उभा कडा बनतो. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर लवकर कुजतो आणि त्याचा उतार किंवा पदर, म्हणजे कड्याच्या कमरेला असलेली आडवी पट्टी, तयार होते. दोन प्रवाहांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या, मातीसारख्या खडकाचा पातळ थर असतो. पावसाचे पाणी वरच्या थराच्या भेगांतून झिरपत खाली येते, या कमी पाझरणाऱ्या थरापाशी अडते आणि कड्याच्या तोंडावर बाहेर पडते. गडांवरील पाण्याची अनेक टाकी बारमाही राहतात ती झिरपणाऱ्या पाण्याच्या या साठ्यामुळेच, आणि पाऊस थांबून आठ-दहा दिवस झाले तरी कातळटप्पा ओला राहतो त्याचेही कारण हेच. कित्येकदा चढाईची वाट नेमक्या अशाच सांध्यावरून जाते, कारण पाय ठेवायला जागा मिळते तीही तेथेच.

कड्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे यालाही या काळात महत्त्व येते. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर सूर्य जुलैच्या अखेरीस डोक्यावरून दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे सप्टेंबरनंतर उत्तराभिमुख कड्यांना मध्यान्हीचे ऊन मिळत नाही, त्यांच्यावरील शेवाळ हिरवे आणि जिवंत राहते, तर त्याच डोंगराची दक्षिण बाजू वाळून खडखडीत झालेली असते. वाळलेले शेवाळही निरुपद्रवी नसते. त्याचा काळा पापुद्रा कोरडा असताना बुटाला पकड देतो आणि पावसाची एक सर पडताच काही मिनिटांत साबणासारखा निसरडा होतो. चढताना कोरडा असलेला टप्पा उतरताना ओला असणे, ही या ऋतूतील चढाईची सर्वात गंभीर शक्यता आहे, आणि योजना आखताना तीच सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

येथे कातळटप्पा म्हणजे काय हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. केवळ पायांनी चालत जाण्याची वाट आणि दोरासह करावयाचे प्रस्तरारोहण यांच्या मध्ये एक प्रदेश असतो, जेथे हात लावल्याशिवाय वर जाता येत नाही, पण दोराची गरज अनुभवी माणसाला भासत नाही. डोंगरभटके त्याला रॉक पॅच म्हणतात, आणि अशा जागी हातापायांनी चढण्याला स्क्रँबलिंग. सह्याद्रीत अशा जागा निसर्गाने जितक्या घडवल्या तितक्याच इतिहासानेही घडवल्या आहेत. १८१८ मध्ये मराठी सत्तेचा अस्त झाल्यानंतर किल्ल्यांचा पुन्हा लष्करी उपयोग होऊ नये म्हणून ब्रिटिशांनी अनेक गडांच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या, आणि जेथे पूर्वी शिबंदी ये-जा करीत असे तेथे आज तुटका, गुळगुळीत कडा उरला आहे. कळसूबाई रांगेतील अलंग आणि मदन या गडांच्या वाटांवर तर दोराशिवाय जाताच येत नाही. त्र्यंबकजवळच्या हरिहरच्या पायऱ्या मात्र शाबूत राहिल्या. जवळजवळ उभ्या असलेल्या त्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना हात घालण्यासाठी खोबण्या आहेत, आणि पाऊस पडला की त्याच खोबण्यांत पाणी व चिखल साचतो. कर्जतजवळच्या ढाकच्या बहिरीच्या गुहेकडे जाणारी आडवी वाट आणि तिच्यानंतरचा उभा टप्पा, किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला लागून चढणारी नळीची वाट, ही आणखी दोन निराळ्या प्रकारची उदाहरणे होत.

अशा जागी पाळावयाचा मूळ नियम सोपा आहे: दोन हात आणि दोन पाय या चार आधारांपैकी तीन पक्के असतील तेव्हाच चौथा हलवावा. शरदातील ओल्या कातळावर त्याला काही पुरवण्या जोडाव्या लागतात. चार महिन्यांच्या पावसाने भेगांतील माती धुऊन गेलेली असते, त्यामुळे गेल्या हिवाळ्यात घट्ट असलेला दगड सैल झालेला असू शकतो; भार देण्यापूर्वी तो तळहाताने ठोकून पाहावा आणि पोकळ आवाज आला तर सोडून द्यावा. हाताने स्वतःला वर ओढण्याऐवजी पायांवर उभे राहावे, कारण ओढ लागली की सैल दगड निखळतो आणि खालच्या माणसाकडे जातो. हिरव्या गवताच्या झुपक्याला कधीही धरू नये, कारण या दिवसांत त्याची मुळे जेमतेम वीतभर, भिजलेल्या मातीत असतात. कारवीचा दांडा बुंध्याजवळ धरला तर कामी येतो, पण तिच्या कुजलेल्या आणि जिवंत दांड्यांतील फरक ओळखता यायला हवा. घसारा, म्हणजे सुट्या खडीचा व मुरमाचा उतार, पावसाळ्यात चिकटून असतो आणि ऊन पडून वरचा थर सुकला की पायाखालून सरकू लागतो. कमरेइतके वाढलेले गवत खऱ्या वाटा झाकून टाकते आणि गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा तेवढ्या ठळक दिसतात, ज्या पुष्कळदा चरणीच्या पदरावरून जात एखाद्या कड्याच्या काठाशी संपतात. गवतकापणी सुरू झाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीनंतर, वाटा पुन्हा उघड्या पडतात. तोपर्यंत गावातला वाटाड्या सोबत घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. हळव्या भाताची, म्हणजे लवकर पिकणाऱ्या वाणांची, कापणी याच दिवसांत येत असल्याने तो माणूस आकाशावर स्वतःच्या पिकासाठीही नजर ठेवून असतो, आणि ‘आज दुपारी वर थांबू नका’ हे त्याचे म्हणणे कोणत्याही अ‍ॅपइतकेच गांभीर्याने घ्यावे.

उतरण्याला चढण्यापेक्षा अधिक कौशल्य लागते, हे कातळाबाबत शब्दशः खरे आहे. चढताना पुढचा आधार डोळ्यांसमोर असतो. उतरताना तो पायांखाली, नजरेआड असतो आणि शरीराचा भार दरीच्या बाजूला झुकतो. म्हणून उभ्या टप्प्यावर दरीकडे नव्हे तर कातळाकडे तोंड करून उतरावे, पाठपिशवी लहान व शरीराला घट्ट बांधलेली असावी, आणि ओला झालेला टप्पा उतरण्यासाठी तीसेक मीटर दोर व तो हाताळता येणारा माणूस गटात असावा. जो टप्पा ओल्या अवस्थेत दोराशिवाय उतरता येणार नाही तो, दोर जवळ नसताना, कोरडा असला तरी चढू नये, इतका कठोर नियम या ऋतूत योग्यच ठरतो. मुंबई-पुण्याहून शुक्रवारी रात्री निघून सकाळी उशिरा पायथा गाठणाऱ्या मोठ्या गटांचे वेळापत्रक या दृष्टीने मुळातच सदोष असते, कारण सुट्टीच्या दिवशी हरिहरसारख्या ठिकाणी पायऱ्यांवर रांग लागते आणि गटातील शेवटचा माणूस नेमका ढग उभे राहण्याच्या वेळी उतरायला लागतो. पहाटे निघावे, अवघड टप्पे अकरापर्यंत आटोपावेत आणि दुपारी एकपर्यंत धार सोडून खाली आलेले असावे, हा क्रम उन्हाच्या गणितातूनच निघतो.

विजेचा विचार सविस्तर करावा लागतो, कारण तिच्याविषयीच्या गैरसमजुती जीवघेण्या ठरतात. वीज थेट अंगावर पडून जितके लोक दगावतात त्यापेक्षा अधिक लोक जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने दगावतात. वीज ज्या बिंदूवर पडते तेथून प्रवाह चहूकडे पसरतो, आणि दोन पावलांमध्ये अंतर असेल तर त्या दोन बिंदूंतील विद्युतदाबाच्या फरकामुळे तो एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. घट्ट बेसाल्ट विजेचा फारसा चांगला वाहक नाही, त्यामुळे पावसात हा प्रवाह खडकाच्या ओल्या पृष्ठभागावरून आणि पाण्याने भरलेल्या भेगांतून धावण्याचा संभव अधिक असतो. म्हणूनच कड्याच्या आडोशाला, पाणी झिरपणाऱ्या भेगेपाशी अंग टेकून बसणे धोक्याचे आहे. उथळ कपारही तशीच. प्रवाह तिच्या छतावरून तळाकडे झेप घेऊ शकतो आणि मधला माणूस त्याचा मार्ग बनतो. हरिश्चंद्रगड किंवा रतनगडावरील खोल, कोरीव गुहा त्या मानाने बऱ्या, पण तेथेही तोंडापासून आत आणि भिंतींपासून दूर बसावे.

चमक आणि गडगडाट यांमधील प्रत्येक तीन सेकंदांमागे वीज सुमारे एक किलोमीटर दूर असते. हे अंतर तीस सेकंदांवर आले, म्हणजे वीज दहा किलोमीटरवर असली, तरी धोका सुरू झालेला असतो, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास लोटेपर्यंत तो संपत नाही. धार, माथा, एकटे झाड आणि लोखंड यांपासून लगेच दूर व्हावे, गटाने एकत्र घोळका न करता परस्परांत अंतर ठेवावे, आणि खाली उतरणे अशक्य असेल तर पाय जुळवून पाठपिशवीवर उकिडवे बसावे. ही शेवटची स्थिती धोका कमी करते, नाहीसा करीत नाही. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावल्याने दुसऱ्याला धक्का बसत नाही, आणि श्वास किंवा नाडी थांबली असेल तर तत्काळ छातीवर दाब देऊन व कृत्रिम श्वास देऊन तो वाचू शकतो, ही माहिती प्रत्येक गटातील किमान दोघांना असलीच पाहिजे. हा प्रश्न केवळ हौशी भटक्यांचाही नाही. १६४६ मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातील सर्वोच्च असलेल्या कळसूबाईच्या शिखरावर देवीचे लहानसे मंदिर आहे आणि नवरात्रात, म्हणजे नेमक्या याच दिवसांत, तेथे जत्रा भरते. बारी आणि परिसरातील गावांमधून आबालवृद्ध लोखंडी शिड्या चढून दर्शनाला जातात. शिड्या आणि साखळदंड यांनी अवघड टप्पे सोपे झाले हे खरे, आणि वृद्धांना दर्शन घडते हे मोलाचेच आहे. परंतु लोखंडाची ही साखळी ओळीने उभ्या असलेल्या माणसांना जोडणारा लांबलचक वाहकही आहे. गडगडाट ऐकू आल्यावर शिडीवर नवीन माणूस सोडायचा नाही, एवढी व्यवस्था जत्रेच्या दिवशी गावकरी आणि प्रशासन यांना मिळून सहज करता येईल.

पाण्याचा धोका विजेपेक्षा शांतपणे येतो. नाळ किंवा घळ म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांमधील खोल, अरुंद चर. ती मुळात पाण्याची वाट असते आणि माणूस तिचा केवळ कोरड्या दिवसांत उपयोग करून घेतो. नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंच कातळभिंती असल्याने आकाशाची अरुंद पट्टीच दिसते, आणि माथ्यावर कोसळणारा पाऊस खालच्या माणसाला पाणी येईपर्यंत कळत नाही. जमीन आधीच तुडुंब भिजलेली असल्यामुळे पाणी मुरत नाही, जवळजवळ सारे वाहून येते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने अनेकांचे बळी घेतले, तो पाऊसही काही तासांचाच होता. निवळ पाणी गढूळ होणे, त्यात पाने-काटक्या वाहत येणे किंवा वरच्या अंगाने घुमणारा आवाज येणे, यांपैकी एक खूण दिसताच प्रवाहाच्या दिशेने न पळता बाजूला, उंचावर चढावे. आणि गुडघ्याच्या वर वेगाने वाहणारे पाणी ओलांडण्यापेक्षा ते ओसरेपर्यंत थांबावे. स्थानिक वादळाचे पाणी जितक्या लवकर चढते तितक्याच लवकर बहुधा उतरतेही.

उष्णतेचा आणि थंडीचा त्रास एकाच दिवशी होऊ शकतो, हे या ऋतूचे आणखी एक वैशिष्ट्य. सकाळच्या दमट उन्हात घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि क्षार निघून जातात, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा जलसंजीवनी किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी अधिक उपयोगाचे. दुपारी वादळात सापडलेला तोच माणूस भिजतो, वारा सुटतो आणि तापमान झपाट्याने उतरते. उंचीमुळे दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान कमी असतेच. ओले सुती कपडे अंगावर राहिले तर थकलेल्या व उपाशी माणसाच्या शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाऊ शकते; थरथर, अडखळणे आणि बोलण्यात तोतरेपणा या त्याच्या खुणा होत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा सदरा हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय.

धुके या सगळ्यांत सौम्य वाटते, आणि कोकणकड्यावर ते एक दुर्मीळ देखावाही दाखवते. सूर्य पाठीशी आणि दरीत धुके असेल तर पाहणाऱ्याची सावली त्या धुक्यावर पडते व तिच्याभोवती रंगीत वलय उमटते. बारीक, एकसारख्या आकाराच्या थेंबांमुळे प्रकाशाचे विवर्तन होऊन ते तयार होते आणि त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या हवामानावरील १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात हरिश्चंद्रगडावरील अशा वलयांची नोंद केली आहे. ते पाहण्यासाठी पुढे झुकणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की कोकणकड्याची कडा आत वळलेली, अंतर्वक्र आहे, आणि ज्या दगडावर आपण उभे असतो त्याखाली काय आहे हे वरून दिसत नाही.

दिवसाची लांबीही झपाट्याने घटते. जूनमध्ये मुंबईत सव्वासातच्या पुढे मावळणारा सूर्य २३ सप्टेंबरच्या सुमारास साडेसहाला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहाच्या आतच मावळतो, आणि आपल्या अक्षांशांवर संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. वादळामुळे दोन तास गुहेत अडकलेला गट म्हणूनच बहुधा अंधारात उतरतो, आणि वाट चुकून कड्याच्या काठाशी पोहोचण्याचे प्रसंग तेव्हाच घडतात. प्रत्येकाजवळ डोक्याला बांधायची विजेरी असणे हा चैनीचा भाग नाही. वाट हरवल्याची खात्री झाल्यावर तेथेच थांबून रात्र काढणे आणि जमेल तेथून संपर्क साधणे हे अंधारात नवी वाट शोधण्यापेक्षा पुष्कळ बरे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथके आणि राज्यातील गिर्यारोहकांच्या शोध-बचावकार्याचा समन्वय साधणारे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर यांतील माणसे आपापले व्यवसाय सांभाळून, रात्री-अपरात्री, त्याच ओल्या कातळावर दोर लावतात. त्यांना गट कोणत्या वाटेने चढला, कोणत्या वाटेने उतरणार होता, किती जण होते आणि किती वाजेपर्यंत परतणे अपेक्षित होते, या चार गोष्टी ठाऊक असतील तर शोधाचे कित्येक तास वाचतात. त्या एका कागदावर लिहून पायथ्याच्या गावात, वाटाड्याच्या घरी किंवा गाडी जेथे लावली तेथे, निघण्यापूर्वीच ठेवाव्यात.